आडवा काटा

त्या राज्यात वजाबाकीला बंदी होती. बेरीज खुशाल करावी, गुणाकाराला तर दरबारात मानाचं पान होतं, भागाकार ज्याने त्याने आपापल्या घरात दार लावून करावा अशी सवलत होती. पण कशातून काही वजा करणं हा गुन्हा होता. जो सापडेल त्याला वर्षभर बाजाराचं तोंड बघायला मिळत नसे.

ही बंदी राजाच्या लहरीने आली असं मात्र कुणी समजू नये. राजा अस्वल होता आणि बहुतेक वेळ झोपलेला असे, त्यामुळे त्याला लहरी येण्याची सोयच नव्हती. कारभार बघायचा धनेश. हातभर चोच, चोचीवर आणखी एक चोच, आणि ती वरची आतून पोकळ. एका वर्षी भर दरबारात एका म्हाताऱ्या कासवाने विचारलं, "खजिन्याच्या ढोलीत चिंचोके आले किती ते ऐकलं, गेले किती तेही ऐकलं, मग आता आहेत किती?" त्या राज्यात नाणं म्हणजे चिंचोका. धनेशने चोच उघडली, पुन्हा मिटली, आणि तीन दिवसांनी उत्तर दिलं ते कायदा करून. कायद्यात म्हटलं होतं, की आपल्या आया-आज्या डब्यातलं मीठ संपलं तरी संपलं म्हणत नाहीत, वाढलं म्हणतात. कारण संपलं म्हटलं की घरातली बरकत जाते. जे चुलीपाशी अशुभ, ते दरबारात शुभ कसं होईल? प्रजेला हे पटलं. आया-आज्यांचं नाव घेतलं की भल्याभल्यांना काहीही पटतं. कासवाचं पुढे काय झालं ते कुणाला कळलं नाही, कारण तशी नोंद करायला वजाबाकी लागली असती.

बाजाराने हा कायदा डोक्यावर घेतला. पूर्वी दुकानात गेलं की गिऱ्हाईक विचारायचं, एवढं घेतलं तर माझ्याकडे राहील काय? आता ते विचारता येईना. मग दुकानदारांनी नवी रीत काढली. प्रत्येक मालावर दोन आकडे लिहायचे, एक मोठा आणि एक त्याहून लहान. मोठा म्हणजे तुम्ही दिला असतात तो, लहान म्हणजे तुम्ही देणार तो. मधला फरक दुकानदारच पळसाच्या पानावर कोरून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवी. दुकानदारांना तेवढी परवानगी धनेशने खास काढून दिली होती. या पानाला म्हणत बचतपान. गिऱ्हाईक पानं घरी नेई, दोऱ्यात ओवी आणि दारावर तोरण बांधी. ज्याचं तोरण लांब तो काटकसरी, ज्याचं आखूड तो उधळ्या. लग्न जमवतानासुद्धा आधी तोरण बघत.

आणि वर्षातले चार महिने या राज्यात धुकं असे. दोन पावलांवरचं दिसू नये असं दाट धुकं. त्या चार महिन्यांत काही उगवत नाही, बाजार भरत नाही, आणि शहाणं कुणी दाराबाहेर पडत नाही, कारण धुक्यात शिरलेलं परत येत नाही. म्हणून धुक्याआधीच्या शेवटच्या बाजाराला सगळं राज्य लोटत असे.

ओढ्याच्या वळणावर साळू राहायची. अंगभर काटे असलेली साळू, शहाणे जिला साळिंदर म्हणतात ती. ती आपल्याच गळलेल्या काट्यांनी पत्रावळी टोचून दरबारच्या जेवणावळींना पुरवी आणि त्यावर तिचं घर चाले. गेल्या वर्षी तिच्याही दारावर तोरण होतं, चांगलं एकसष्टच्या बचतीचं. धुक्याच्या तिसऱ्या महिन्यात घरातली नाचणी संपली. हो, संपली. साळूने तेव्हा हाच शब्द मोठ्याने उच्चारला, घरात ऐकायला चार पिल्लं होती. धुकं उठलं तेव्हा तीन होती.

साळूने तोरण तोडून चुलीत घातलं. मग आपला एक लांब, काळापांढरा काटा उंबऱ्यावर आडवा ठेवला, आणि तो तिथून कुणाला हलवू दिला नाही.

त्यानंतर आठ दिवसांनी शिरगणतीला सरडा आला. सरडा दरबारचा कारकून. समोरच्याचं बोलणं संपायच्या आत मान हलवायची, हे काम त्याला जन्मतःच येत असल्याने नोकरी मिळायला अडचण पडली नव्हती.

"घरात किती?" त्याने विचारलं.

"चार. मी आणि तीन पिल्लं."

सरड्याने वही चाळली. "गेल्या साली पाच लिहिलेत."

"एक गेलं."

"गेलं असं लिहायला रकाना नाही हो, साळूबाई," सरडा मान हलवत म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं असावं, पण सरड्याची धाव कुंपणापर्यंत. "पाचच ठेवतो. उगाच तुमच्या घराला कमीपणा कशाला?" आणि जाताजाता उंबऱ्याकडे बघून म्हणाला, "हे काय?"

"काटा वाळत घातलाय," साळू म्हणाली.

त्या दिवसापासून साळू वजाबाकी करू लागली. तिची आई करायची तशी, दार लावून. चुलीपाशी राखेचा ढीग होता. त्यात ती काटे उभे रोवी, आणि जे जाणार तो काटा आडवा पाडी. उभे राहिले ते आपले. यात विद्वत्ता काहीच नव्हती. राज्यातल्या कुठल्याही पोराला जमली असती एवढी सोपी गोष्ट होती, म्हणून तर तिच्यावर बंदी घालावी लागली.

यंदा शेवटच्या बाजाराच्या आदल्या दुपारी साळूपाशी वर्षाचे साठवलेले एकशे वीस चिंचोके होते. नाचणीचा भाव तीन चिंचोक्यांना पायली. एका पोटाला महिन्याला दोन पायल्या, म्हणजे सहा चिंचोके. साळूने सहाला एक काटा धरला आणि राखेत वीस काटे उभे केले. घरात पोटं चार, महिने चार. तिने सोळा काटे आडवे पाडले. मीठ, तेल आणि दिव्याच्या वाती मिळून अठरा चिंचोके, त्याचे तीन पाडले. राखेत एक काटा उभा राहिला.

"याचं काय?" धाकट्या पिल्लाने विचारलं.

"हा आपला हातचा."

"बाजारात भिंगरी असते," पिल्लू म्हणालं. "सहालाच असते." त्याला सगळं समजलेलं होतं. साळूला हसू आलं. घेऊ या, असं ती म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही.

बाजारात जायच्या आधी तिने शहाण्णव चिंचोके वेगळ्या फडक्यात बांधून कमरेला खोचले. आधी पोटाचं, मग पाठीचं, असं तिची आई म्हणायची. फडकं बांधण्यावर अजून बंदी आलेली नव्हती.

बाजाराच्या वाटेवर शेजारची टिपरी भेटली. टिपरी सशीण मनाने चांगली. साळूच्या घरचं पिल्लू गेलं तेव्हा धुकं उठताच तीच दोन दिवस येऊन बसली होती. घरात ती, तिचा नवरा आणि तीन पोरं, आणि गाठीला दीडशे चिंचोके. साळूने चालताचालता मनातल्या मनात काटे रोवले. पाच पोटं, चार महिने, चाळीस पायल्या, एकशे वीस चिंचोके. तीस हाताशी राहतात. साळूचा जीव हलका झाला. टिपरीला यंदा काही चिंता नाही, असं तिला वाटलं.

पण चिंता नसलेल्यालाच बाजार आधी गाठतो. नाचणी विकायची घूसमावशी, आणि तिच्या दुकानात नाचणी सगळ्यात मागे असायची. पुढे सगळी बचत मांडलेली. घूसमावशी कुणाला गिऱ्हाईक म्हणत नसे, ताई म्हणत असे.

"ये टिपरीताई, तुझ्यासाठीच राखून ठेवलेत बघ," ती म्हणाली आणि तिने धान्याचे डबे पुढे केले. डब्यावर वीस लिहिलेलं, खाली बारा. "एकाला आठ वाचतात. सहा घेतलेस तर अठ्ठेचाळीस."

गेल्या बाजाराला हेच डबे बाराला होते आणि त्यांच्यावर वीसचा आकडा नव्हता, हे साळूला आठवत होतं. टिपरीलाही आठवायला हरकत नव्हती. पण टिपरीच्या डोळ्यांपुढे अठ्ठेचाळीसचं पान होतं. तिने सहा डबे घेतले. मग साठाचा आरसा पस्तीसला मिळत होता तो घेतला, पंचवीसचं पान. मग धुक्यात उघडायची छत्री. धुक्यात कुणी बाहेरच पडत नाही तर छत्री कशाला, हे विचारायचं साळूच्या ओठांवर आलं होतं, पण तीस लिहिलेली छत्री एकोणीसला होती आणि टिपरीचा हात तिच्या दांड्यावर पडला होता. आणखी अकराचं पान.

"आता धान्य," टिपरी म्हणाली आणि फडकं झटकलं. चोवीस चिंचोके पडले. आठ पायल्या आल्या. सहा डब्यांपैकी एकसुद्धा धड भरला नाही.

टिपरी मुळीच घाबरली नाही. तिने तिन्ही पानं घूसमावशीपुढे ठेवली. "हे माझे वाचलेले चौऱ्याऐंशी. याची अठ्ठावीस पायल्या नाचणी दे. आठ अन् अठ्ठावीस छत्तीस, पुष्कळ झाली."

घूसमावशीने पानांकडे बघितलं, मग टिपरीकडे, आणि तिचा चेहरा मायेने भरून आला. "अगं वेडे, वाचलेले कुणी खर्च करतं का? मग ते वाचले कसे म्हणायचे?"

टिपरी विचारात पडली. बोलणं बिनतोड होतं. बोलाचीच कढी, बोलाचाच भात, आणि वर जेवणाराने ढेकर द्यायचा.

साळूला मात्र राहवलं नाही. "टिपरे, डबे परत दे," ती हळूच म्हणाली. "छत्री दे, आरसा दे. एकशे सव्वीस परत घे आणि नाचणी घे."

"परत?" घूसमावशीचा आवाज बदलला. "दिलेलं परत घ्यायचं म्हणजे काय झालं, साळूबाई? शब्द मी उच्चारत नाही. पण तिकडे सरडेराव उभे आहेत, त्यांना विचारू का?"

सरडा पलीकडे उभा राहून मान हलवत होता. कशाला ते त्यालाही माहीत नसेल, पण साळूच्या अंगावरचे काटे उभे राहिले. वर्षभर बाजार बंद म्हणजे काय, ते तिच्या उंबऱ्यावर पडलेलं होतं.

"जाऊ दे गं, साळूताई," टिपरीच म्हणाली. तिने पानं पदरात बांधली. "एवढी बचत असणाऱ्याला कुणी उपाशी ठेवतं होय? धनेशसाहेब काय झोपलेत?" आणि ती छत्री उघडून, उन्हात, ऐटीत निघून गेली.

साळूने शहाण्णव चिंचोक्यांची बत्तीस पायल्या नाचणी घेतली. मीठ, तेल, वाती घेतल्या. मुठीत सहा चिंचोके होते आणि समोर भिंगरीवाला होता. धाकटं पिल्लू नुसतं तिकडे बघत होतं. साळू जरा वेळ उभी राहिली, मग वळून पुन्हा घूसमावशीकडे गेली आणि सहाची दोन पायल्या नाचणी मागितली.

"पान नाही हं मिळणार," मावशी म्हणाली. "नाचणीवर बचत नसते."

"माहीत आहे."

"तुझ्या दारावर यंदाही काहीच नाही मग. लोक उधळी म्हणतील, बाई."

लोक म्हणतच होते. पूर्ण दाम मोजून निव्वळ धान्य घेते, एक पान वाचवत नाही, हाताला काही धरबंधच नाही म्हणून साळूचं नाव झालेलं होतं. पिल्लू घरापर्यंत रुसून तिच्या चार पावलं मागे चालत आलं.

मग धुकं उतरलं.

साळूच्या घरात रोज सकाळी माप निघे आणि महिना भरला की राखेत नव्याने उभ्या केलेल्या सोळा काट्यांतले चार आडवे होत. कुणी पोटभर जेवलं असं नाही, पण उपाशीही कुणी झोपलं नाही. पलीकडे टिपरीच्या दारावर तोरण होतं, एवढं साळूला ठाऊक होतं. त्यापलीकडे काय, ते धुक्यात दिसण्यासारखं नव्हतं. कधी भाकरी थापताना तिचा हात थांबे. आठ पायल्या, पाच पोटं. अर्ध्या पोटाने खाल्लं तरी पावणेदोन महिने गाठवत नाहीत. हा हिशेब तिला करायचा नसे, पण एकदा यायला लागलेली वजाबाकी विसरता येत नाही, हेच तर तिचं वाईट.

तिसरा महिना लागला त्या सकाळी दार वाजलं. अगदी बारीक, खालच्या अंगाला. दाराआडून टिपरीच्या धाकट्याचा आवाज आला. बाबा बाजार उघडला का बघायला गेले, असं तो म्हणाला. मग आई छत्री घेऊन बाबांना बघायला गेली. मग दादा आणि ताई आईला बघायला गेले. मला म्हणाले, तू भिंतीला धरून साळूमावशीकडे जा.

साळूचा हात कडीवर होता. कडी काढायच्या आधी तिने हिशेब केला. सोळातले आठ काटे आडवे, आठ उभे, चार पोटं, दोन महिने. आणि कोपऱ्यात हातचा एक. दोन पायल्या. मोठं पोट असतं तर एक महिना. पण हे पोट अर्धं होतं, म्हणजे दोन महिने. बरोबर पुरत होतं. मग तिने कडी काढली, आणि त्या क्षणाएवढी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती. पुरलं नसतं तर? हा प्रश्न तिने स्वतःला पुढेही कधी विचारला नाही.

पिल्लाने आत येऊन पहिल्यांदा काय विचारलं, तर, "आई आली की तिला कळेल ना मी इथे आहे?"

"कळेल," साळू म्हणाली.

तिची धाकटी स्वारी आता भिंगरी विसरली होती. पुढचे दोन महिने दोन धाकटे एकाच ताटलीत जेवले.

धुकं उठलं. साळू आठ दिवस दारात उभी राहून वाटेकडे बघत होती. नवव्या दिवशी तिने आपले चार काटे उपटले, टिपरीच्या घरापाशी गेली आणि उंबऱ्यावर ते शेजारी शेजारी आडवे ठेवले. वर चौऱ्याऐंशीचं तोरण वाळून खडखडत होतं.

"हे काय आहे?" सशाच्या पिल्लाने विचारलं.

"काटे वाळत घातलेत," साळू म्हणाली.

त्याच आठवड्यात शिरगणती आली, आणि या वेळी खुद्द धनेश बरोबर होता, कारण सर्वांत मोठ्या बचतीच्या तोरणाला बक्षीस द्यायचं होतं. मागे वाजंत्री, घूसमावशी आणि बघे. दारं पुष्कळ होती आणि तोरणंही पुष्कळ होती. दारं उघडायला येणारे यंदा जरा विरळ होते, पण तसं म्हणायला बंदी होती.

"घरात किती?" सरड्याने साळूला विचारलं.

"पाच."

सरड्याने वही बघितली आणि त्याचा चेहरा उजळला. "बघा, साळूबाई. मी म्हटलं नव्हतं? वहीत पाच, घरात पाच. बचत?"

"नाही."

"उधळं घर," सरड्याने नाइलाजाने लिहिलं आणि मान हलवली.

मिरवणूक टिपरीच्या दारापाशी थांबली. धनेशने मान वर करून पानं वाचली, अठ्ठेचाळीस, पंचवीस, अकरा, आणि दोन्ही चोचींनी समाधान व्यक्त केलं. आदर्श घर म्हणतात ते हेच, असं तो म्हणाला. सरड्याने दार वाजवलं. कुणी आलं नाही.

"कामात असतील," घूसमावशी म्हणाली.

सरड्याने वही उघडली. पाच. मग त्याची नजर उंबऱ्यावर गेली. तिथे काहीतरी मांडून ठेवलेलं होतं, आणि मांडून ठेवलेलं दिसलं की मोजायचं ही त्याची नोकरी होती. काटे आडवे का ठेवलेत, हे विचारायचा रकाना वहीत नव्हता. एक, दोन, तीन, चार. पाच आणि चार.

साळूने तोंड उघडलं. तिच्या मागे चार पिल्लं उभी होती आणि पुढच्या धुक्याला आठ महिने होते. तिने तोंड मिटलं.

सरड्याने कोळशाने दारावर आकडा लिहिला आणि वाजंत्र्यांच्या वर आवाज चढवून पुकारलं, "या घरात नऊ!"

टाळ्या पडल्या. धनेशने शाही पान तोरणाच्या टोकाला बांधलं आणि मिरवणूक पुढच्या दाराकडे वळली.

साळूच्या आडून सशाचं पिल्लू पुढे आलं. त्याने आकड्याकडे बघितलं, कान टवकारले, आणि साळू हात पुढे करते न करते तोच चार उड्यांत आपल्या घरापाशी पोचलं. उंबऱ्यावरच्या काट्यांना पाय लागू नये म्हणून ते जरा बाजूला उभं राहिलं आणि दोन्ही हातांनी दार वाजवू लागलं.